निखळलेला गोटा

संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील. ग्रीसमधल्या रोड्स बेटावरच्या जुन्या गावात, पिथागोरा नावाच्या गल्लीत, एका जोडप्याच्या बॅगेचं चाक सुटलं आणि उतारावरून टणाटण उड्या मारत खाली गेलं. विमानतळाच्या फरशीवर एका बोटाने ढकलली तरी पळते, तशी ती चार चाकांची बॅग होती. या गल्लीत मात्र तिचा खडखडाट पार वरच्या वेशीपासून ऐकू येत होता. चाक सुटताना बॅगेचा कोपरा जमिनीवर आदळला आणि फरसबंदीतला एक गोटा उपटून बाहेर आला. जोडपं चाकामागे धावलं. दारात खुर्ची टाकून बसलेली एक म्हातारी उठली, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश वाकली आणि तिने तो गोटा उचलला. खाचेत बोट घालून आतला भुगा उकरला. गोटा उलटसुलट करून पाहिला, ज्या बाजूने तो होता त्याच बाजूने उभा बसवला आणि वरून टाचेने दोनदा दाबला. मग ती परत खुर्चीवर जाऊन बसली. चाक सापडलं की नाही, याकडे तिचं लक्षच नव्हतं.

तो टाचेचा दाब नंतर किती तरी वेळ मनात रुतून राहिला.

रोड्सला येणारा माणूस साहजिकच मान वर करून चालतो. वर पाहण्यासारखं तिथे भरपूर आहे. चार किलोमीटरची तटबंदी, बुरूज, दगडी कमानी, मिनार, भिंतींवर कोरलेली सरदार घराण्यांची चिन्हं. सेंट जॉनच्या नाइट मंडळींनी, म्हणजे ख्रिस्ती लढवय्या संन्याशांनी, १३०९ साली इथे बस्तान बसवलं आणि १ जानेवारी १५२३ रोजी तुर्कांच्या सुलतान सुलेमानच्या हाती शहर सोपवून ते जहाजांत चढले. या दोनशे वर्षांतलं बांधकाम इतकं दणकट आहे, की नजर खाली यायला तयारच होत नाही. पण या गावात दोन दिवस काढले की पाय स्वतःहून जमिनीची ओळख करून देतात. तळव्याला गोटे टोचतात, पोटऱ्या भरून येतात, आणि मग कळतं की हे गाव खरं तर पायाखालीच आहे.

या जमिनीला ग्रीक लोक होख्लाकी म्हणतात. समुद्राने घासून गुळगुळीत केलेले गोटे शेजारी शेजारी ठासून बसवलेले. गल्ल्यांमध्ये ते करड्या-तपकिरी मिश्र रंगाचे असतात आणि नक्षी नसते. घरांच्या अंगणात, देवळाच्या पुढ्यात मात्र काळे आणि पांढरे गोटे वेगळे काढून त्यांतून पानं, तारे, सरूची झाडं, हरणं काढलेली दिसतात. लांबून पाहिलं तर गालिचा अंथरल्यासारखं वाटतं. जवळ बसून पाहिलं तर प्रत्येक गोटा आपल्या काठावर उभा आहे हे ध्यानात येतं. सगळी खुबी त्या उभं असण्यात आहे.

काम करायची रीत अशी. गोटे आधी गोड्या पाण्यात दोन-तीनदा खळखळून धुवायचे, कारण समुद्राचं मीठ अंगाला राहिलं तर पुढे चुन्यातून खार फुटतो आणि सांधे पिठासारखे मोकळे होतात. मग रंगाने आणि मापाने निवडायचे. हे निवडण्याचं काम बसवण्याहून किचकट, आणि एका मापाचे गोटे नसतील तर पुढचं सगळं वेडंवाकडं जातं. खालची जमीन चोपून, पाण्याला ढाळ देऊन तयार करायची. तिच्यावर चुना, वाळू आणि विटांचा चुरा, म्हणजे आपल्याकडची सुरखी, यांचा ओला थर द्यायचा. हा थर एका वेळी हाताच्या आवाक्यात येईल एवढाच घालायचा, नाहीतर शेवटचे गोटे बसेपर्यंत तो आळतो. नक्षी असेल तर आधी तिची कड बसवायची, पोट नंतर भरायचं. गोटा उभा धरून दोन-तृतीयांश आत रुतवायचा आणि शेजाऱ्याला घट्ट टेकवायचा. हातभर जागा भरली की वर फळी ठेवून ठोकायची, म्हणजे सगळी डोकी एका पातळीत येतात. मग पातळ चुना ओतून मधल्या फटी भरायच्या, ब्रशने डोकी मोकळी करायची आणि ओली पोती पांघरून काही दिवस तसंच ठेवायचं. चुना सावकाश धरतो. रोड्सच्या जुलैतल्या उन्हात तो धरण्याआधीच वाळतो आणि भुसभुशीत होतो, म्हणून असं काम उन्हाळा टाळून केलेलं बरं.

डोक्याशी एका गोट्याचं माप दोन बाय चार सेंटिमीटर धरा. मधल्या फटी सोडल्या तरी एका चौरस मीटरमध्ये हजाराच्या आसपास गोटे बसतात. प्रत्येक गोटा एकदा हातात घेतलेला, फिरवून पाहिलेला. आडवा टाकला तर निम्म्या गोट्यांत काम भागतं आणि दिसतंही सुबक, म्हणून घाईच्या कामात तो मोह होतो. पण आडव्या गोट्याच्या पोटाखाली चुना कमी धरतो, हिवाळ्यातल्या पावसाचं पाणी कडेने आत झिरपतं आणि एक दिवस नुसत्या पायाने तो निसटतो. सिमेंट वापरलं तर वेगळीच पंचाईत होते. सिमेंट कडक, त्याला लवचीकपणा नाही आणि खालची ओल ते बाहेर पडू देत नाही. जमीन जराशी खचली की गोट्यांसकट अख्खा पापुद्रा उचकटतो. चुन्यात बसवलेला रस्ता एकेक गोट्याने मोडतो, म्हणून तो एकेक गोट्याने दुरुस्तही होतो. फक्त वेळ चुकवून चालत नाही. गोटे एकमेकांच्या आधाराने उभे असतात. एक गेला की त्याच्या शेजाऱ्याला टेकायला जागा उरत नाही, आणि आठवड्याभरात मुठीएवढा खड्डा हाताएवढा होतो.

म्हातारीने चाक सोडून गोटा का उचलला, ते इथे उलगडायला लागतं.

बॅगेचं म्हणाल तर दोष त्या जोडप्याचा नव्हता. बॅगेची ती छोटी, कडक प्लास्टिकची चाकं सपाट फरशीसाठी बनवलेली असतात. गोट्यांच्या मधल्या खाचेत ती अडकतात, वरून पंधरा-वीस किलोचा भार आणि पुढून ओढणारा हात, मग आस वाकते किंवा तुटते. या गावात राहायला जायचं असेल तर पाठीवरची पिशवी सर्वांत उत्तम. तेवढं जमत नसेल तर मोठ्या रबरी चाकांची दोनचाकी बॅग, आणि तीसुद्धा गल्लीत शिरल्यावर हातात उचलून. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुक्कामाच्या जागेला आधीच विचारून ठेवायचं, की तुमच्यापासून सर्वांत जवळची वेस कोणती. नुसता गल्लीचा पत्ता टॅक्सीवाल्याच्या फार उपयोगी पडत नाही, कारण आतल्या बहुतेक गल्ल्यांत गाडी जातच नाही. तो तुम्हाला वेशीवर सोडतो. चुकीच्या वेशीवर उतरलात तर पाऊण किलोमीटरची वरात गोट्यांवरून काढावी लागते. अथेन्सजवळच्या पिरेयसहून येणारी मोठी बोट आकांडिया बंदराला लागते. तिथून पूर्वेकडच्या वेशी चालत जाण्यासारख्या आहेत. विमानतळ चौदा किलोमीटरवर पारादिसीला आहे. बुटांचा तळ जाड पण वाकणारा हवा. पातळ चपलेतून प्रत्येक गोटा मोजता येतो, आणि कडक तळाचा बूट झिजून गुळगुळीत झालेल्या डोक्यांवरून घसरतो, पाऊस पडला असेल तर हमखास. उतारावर छोटी पावलं टाकावीत, तळवा पूर्ण टेकवून. इथली माणसं तशीच चालतात.

क्रूझ जहाजांतून उतरणारी गर्दी बंदराकडच्या वेशींतून शिरते, हिप्पोक्रेटिस चौकात जमते आणि सोक्रातूस रस्त्याच्या दुकानांतून वर चढते. सकाळी दहापासून दुपारी चार-पाचपर्यंत तिथे खांद्याला खांदा लागतो. म्हणून गावात दक्षिणेकडून शिरावं. सेंट जॉनच्या वेशीतून, जिला कोस्किनूची वेस किंवा तांबडी वेस असंही म्हणतात. वेशीच्या आत पाऊल टाकलं की आवाज एकदम खाली बसतो. पाकोळ्यांचा चीत्कार, कुठेतरी भांडी विसळल्याचा आवाज, जुईचा दाट वास. गल्लीवरून एका घराकडून समोरच्या घराकडे दगडी कमानी टाकलेल्या दिसतात. त्या शोभेच्या नाहीत. हा भूकंपाचा मुलूख आहे. इसवी सनापूर्वी २२६ च्या सुमारास इथला तो जगप्रसिद्ध पुतळा, कोलोसस, भूकंपातच गुडघ्यात मोडून पडला. समोरासमोरच्या भिंती हादऱ्यात एकमेकींच्या अंगावर येऊ नयेत म्हणून त्यांच्यामध्ये हा दगडाचा हात धरून ठेवला आहे. गोट्याला गोटा टेकलेला, तशी भिंतीला भिंत.

नाइटांच्या रस्त्यावर जायचं तर सकाळी आठच्या आधी. हा रस्ता सरळसोट आहे, कारण त्याच्याखाली प्राचीन शहराचा रस्ता आहे. इसवी सनापूर्वी ४०८ मध्ये बेटावरच्या तीन गावांनी मिळून हे शहर वसवलं, चौकटीचौकटींनी आखून, आणि बंदराकडे उतरणारी ती जुनी रेघ नाइटांनीही मोडली नाही. दोन्ही बाजूंना त्यांच्या भाषावार पंथशाळा, म्हणजे एकेका भाषेच्या नाइटांची मुक्कामाची घरं. फ्रान्सच्या पंथशाळेच्या पन्हळ्या मगरीच्या आकाराच्या आहेत, तेवढ्यासाठी मान वर करावी. रस्त्याच्या माथ्यावर ग्रँड मास्टरचा, म्हणजे नाइटांच्या प्रमुखाचा, राजवाडा. फोटोत सर्वांत जुना वाटणारा हा राजवाडा आहे त्या रूपात १९३७ ते १९४० मधला. १८५६ साली चर्चच्या तळघरातल्या बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला आणि शेजारच्या राजवाड्याचा बराचसा भाग ढासळला. पुढे बेट इटलीकडे असताना त्या राजवटीने तो नव्याने उभारला आणि कोस बेटावरून आणलेली मोझेइक, म्हणजे खड्यांची जमिनीवरची चित्रं, आतल्या दालनांत बसवली. मोझेइक पाहायला जरूर जावं, ती अप्रतिम आहेत. पण दुसऱ्या गावची जमीन उचकटून आणून या भव्य खोल्यांत अंथरली आहे, ही बोच तिथे फिरताना कमी होत नाही. मला विचाराल तर राजवाड्यापेक्षा खाली नाइटांच्या रुग्णालयात, म्हणजे आताच्या पुराणवस्तू संग्रहालयात जास्त वेळ द्यावा. तिथे याच शहरात सापडलेली गोट्यांची चित्रं आहेत, इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपासची. एकात ग्रीक पुराणातला वीर बेलेरोफोन घोड्यावरून कायमेरा नावाच्या राक्षसी प्राण्याला भाल्याने भोसकतो आहे. सगळं चित्र निवडलेल्या गोट्यांतून साधलं आहे. ते पाहून बाहेर गल्लीत आलं, की पायाखालच्या करड्या गोट्यांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. साहित्य तेच, आणि निवडणारा हातही तसाच.

तटाबाहेरचा खंदक पाहायला पैसे पडत नाहीत, आणि तिथे फारसं कोणी फिरकत नाही. हा खंदक कोरडाच होता, पाण्याचा कधीच नव्हता. आत उतरलं की दोन्ही बाजूंना भिंती चढत जातात आणि गवतात दगडी तोफगोळे पडलेले दिसतात. काही कलिंगडाएवढे, काही दोन हातांच्या कवेत न मावणारे. १५२२ च्या वेढ्यात तुर्कांनी भिंतींखाली सुरुंग खणायला घेतले तेव्हा आतल्या बाजूने मार्टिनेंगो नावाच्या इटालियन अभियंत्याने जमिनीवर ताणलेल्या कातड्याचे पडदे ठेवले होते. खाली कुदळ पडली की कातडं थरथरायचं. जमिनीला कान लावून जगायचे ते सहा महिने. त्या सगळ्या दगडफेकीतून उरलेले हे गोल दगड आता इतके निरुपद्रवी दिसतात की मांजरं त्यांच्यावर ऊन खात पसरलेली असतात.

गावाच्या पूर्व कोपऱ्यात ज्यू मोहल्ला आहे, ला हुदेरिया. तिथे जाताना घाई करू नये. कहाल शालोम हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, १५७७ सालचं, ग्रीसमध्ये उभ्या असलेल्या सिनेगॉगांमध्ये सर्वांत जुनं. शनिवारी ते बंद असतं. आतली जमीन होख्लाकीचीच आहे, काळ्या-पांढऱ्या गोट्यांची. स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंचे वंशज इथे लादिनो, म्हणजे त्यांची जुन्या वळणाची स्पॅनिश, बोलत पिढ्यान्‌पिढ्या राहिले आणि शेजारचा रुंद रस्ता त्यांच्या भाषेत ला काय आंचा झाला. २३ जुलै १९४४ रोजी जर्मनांनी त्यांना बोटींत चढवलं. रोड्स आणि शेजारच्या कोसमधले मिळून सुमारे सतराशे लोक पिरेयसमार्गे आउशविट्झच्या मृत्युछावणीत नेले गेले. परत आले ते दीडशेच्या आसपास. तुर्कस्तानचा वाणिज्यदूत सेलाहात्तिन उल्कुमेन याने तुर्की नागरिकत्वाचा मुद्दा धरून चाळीसेक जणांना सोडवलं, एवढाच त्या दिवसातला दिलासा. आता त्या चौकात ब्राँझच्या समुद्रघोड्यांचं कारंजं आहे आणि बाजूला काळ्या दगडाचा सहा बाजूंचा स्मृतिस्तंभ, सहा भाषांतला. ज्यू रिवाजात स्मारकाशी फुलांऐवजी खडा ठेवतात. चहूकडे कॉफीच्या टेबलांची गजबज असताना कुणीतरी खिशातून खडा काढून तिथे ठेवतं, क्षणभर थांबतं आणि जातं. हुदेरियातल्या काही दारांमागे अजून जुनी अंगणं आहेत. दार उघडं असेल तर उंबऱ्याबाहेरून पाहावं. गोट्यांचा तारा शाबूत असतो. ज्यांनी तो रोज झाडला त्या घरातलं कोणी आज तिथे नसतं.

ग्रीसच्या किनाऱ्यांवरून गोटे उचलून नेणं कायद्याने बंद आहे, दंड होतो. आठवण म्हणून खिशात एखादा टाकण्याचा मोह आवरावा. न्यायचंच तर मेलेकुनी न्यावी. तीळ आणि मधाची वडी, बदाम, दालचिनी आणि संत्र्याची साल घातलेली, लग्नात वाटतात. चावली की संक्रांत आठवते, फक्त गुळाऐवजी मधाचा ओलसरपणा. शाकाहारी माणसाने खानावळीत पितारुद्या मागावीत. हरभऱ्याचे वडे, कांदा, टोमॅटो आणि पुदिना घातलेले, बाहेरून कुरकुरीत. ते तळलेले गरमागरमच खावेत, गार झाले की आत चिकट लागतात. दोन्ही गोष्टी सोक्रातूसवर मिळतात, पण दक्षिणेकडच्या गल्ल्यांत जास्त चांगल्या आणि कमी पैशांत.

कोकणातल्या पाखाडीवर वाढलेल्या माणसाला हे सगळं फार परकं वाटू नये. चिऱ्याचा एखादा दगड हलायला लागला की येता-जाता जो तो त्याला पायाने नीट करतो, कुणी कुणाला सांगत नाही. रोड्सचं जुनं गाव १९८८ पासून जागतिक वारसा आहे. तटबंदीची, राजवाड्याची देखभाल सरकार करतं आणि करायलाच हवी. पण या तटाच्या आत माणसं राहतात, कपडे वाळत घालतात, दारापुढची जमीन धुतात. एवढा मोठा वारसा रोज सकाळी बादलीभर पाण्याने कुणीतरी धुतं, म्हणूनच तो अजून गाव आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पिथागोरा गल्ली ओलीकच्च होती. दारोदारी पाणी टाकून झालं होतं आणि मधल्या ढाळावरून ते बारीक धारेने वेशीकडून चौकाकडे चाललं होतं. तो गोटा शोधायला वेळ लागला नाही. बाकीच्यांपेक्षा तो तांदळाच्या दाण्याएवढा वर होता, आणि त्याच्याभोवतीची फट काळी, उघडी. खाली ताजा चुना पडला नाही तर टाचेचा दाब फार दिवस पुरणार नाही. पहिल्या जोरदार पावसात तो सुटेल, मग डावीकडचा, मग त्याच्या खालचा. गवंडी येईपर्यंत महिना जाईल, कदाचित हंगाम सरेपर्यंत कोणी येणारही नाही. वरच्या वेशीकडून पुन्हा तो ओळखीचा खडखडाट सुरू झाला, सकाळच्या बोटीने आलेलं कोणीतरी. म्हातारी दारातच होती. तिने मान वळवून आवाजाचा अंदाज घेतला, उठली, खुर्ची दोन्ही हातांनी उचलून गल्लीत हातभर पुढे आणली, आणि तिचे चार पाय त्या गोट्याच्या चारी बाजूंना येतील अशी ठेवून तिच्यावर बसली. बॅगा वळसा घालून गेल्या.